पडीक रानाचा कागद

कंधार तालुक्यात जुन्या जमिनीचा वाद उभा राहिला की वकील आधी 1954-55 चा खासरा शोधतात. त्यात पट्टेदाराचं नाव एका रकान्यात असतं, कसणाऱ्याचं दुसऱ्या. दोन्हीकडे एकच नाव असेल तर चिंता नाही. नावं वेगळी निघाली की मात्र मागचे कागद उलगडावे लागतात.

कंधार हैदराबाद संस्थानातलं. मराठवाड्याची पाहणी-जमाबंदी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली होती, म्हणजे सारा बसला तो सर्व्हे नंबरावर, पिकावर नव्हे. पाऊस हुकला, बैल मेला, घरधनी अंथरुणाला खिळला आणि रानात नुसतं कुसळ माजलं, तरी सारा देणं असायचाच. पडीक रान मालकाच्या हातून जाण्याची पहिली वाट ही, थकबाकीची.

दुसरी वाट 10 जून 1950 रोजी लागू झालेल्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने उघडली. 1342 ते 1352 फसली, म्हणजे 1932 ते 1943 या काळात ज्याने सलग सहा वर्षं कूळ म्हणून जमीन स्वतः कसली, त्याला संरक्षित कूळ मानलं गेलं. संरक्षणाचे आणखीही निकष होते, पण कागदावर हा फसली सालांचा हिशेबच सगळ्यात स्पष्ट दिसतो. गाव सोडून गेलेल्या पट्टेदाराचं रान ज्याने राखलं, त्याच्या घामाला पहिल्यांदा कायद्याचं नाव मिळालं. मला हा या साऱ्या कागदांतला सर्वांत न्याय्य बदल वाटतो.

शेजारच्या मुंबई राज्यात 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 65 होतं. जमीन सलग दोन वर्षं पडीक राहिली तर चौकशी करून सरकार तिची व्यवस्था आपल्याकडे घेऊ शकत असे. व्यवस्था सरकारची झाली, तरी मालकी त्याच घराची राहायची. हा फरक गावात फार कमी लोकांना ठाऊक असतो. ‘पडीक ठेवली की सरकारजमा’ ही भीती त्यातूनच पसरते.

तिसरी वाट कब्जाची. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे दुसऱ्याने बारा वर्षं उघडपणे, मालकाचा हक्क नाकारून, सलग कब्जा ठेवला आणि मालकाने दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. बटईने किंवा परवानगीने कसणाऱ्याला हा लाभ नाही. पुण्या-मुंबईला पोट भरायला गेलेल्या खातेदारासाठी ही बाब जिवाची आहे. भावकीतला कुणी रान कसतो तो बटईने की हक्काने, हे वेळीच लेखी ठरलेलं असावं.

सर्वांत कठोर मात्र पहिली वाटच ठरली. जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. तिच्या कलम 220 नुसार थकबाकीच्या लिलावात योग्य बोली आली नाही तर सरकार नाममात्र बोलीवर जमीन घेतं. हीच आकारी पड. बारा वर्षांत थकबाकी व्याजासह भरली तर जमीन परत मिळायची, पण पुढे दार बंद. सारा काही रुपयांचा असे. तेवढ्यासाठी पिढ्यांची जमीन गेली, हे मला कुठल्याच हिशेबात बसत नाही. जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुदत उलटलेल्या अशा जमिनी बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम घेऊन मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत द्यायचं ठरवलं. कोरडवाहू घराला ती रक्कम एकदम उभी करणं सोपं नाही.