पर्जन्यछायेचा प्रदेश, महाराष्ट्रातील

सह्याद्रीच्या पूर्वेस असलेला, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून अल्प पाऊस मिळणारा पठारी प्रदेश. सोलापूर जिल्हा, तसेच नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचे पूर्व भाग त्यात मोडतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात व तेथे पाऊस पाडतात. पूर्वेस उतरताना ते उष्ण व कोरडे होतात. त्यामुळे महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण नदीच्या खोऱ्यात तो सु. ५० सेंमी. इतकाच असतो. हा अल्प पाऊसही अनियमित असतो. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने जमिनीतील ओलावा लवकर उडून जातो.

वनस्पती व शेती : सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी इ. वृक्षांची सदाहरित व निमसदाहरित वने आहेत. पूर्वेस ती विरळ होत जाऊन बाभूळ, बोर, हिवर यांसारखी काटेरी झाडे व कुसळी गवताचे माळ आढळतात. पिकांचा क्रमही असाच बदलतो. कोकणात व मावळात भात, डोंगरउतारावर नाचणी व वरी, तर पठारावरील हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी होते. भारी काळी जमीन मात्र पावसाळ्यात बहुधा पेरीत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पावसाची ओल तीत साठते आणि तिच्यावर व हिवाळ्यातील थंडीवर शाळू (रबी ज्वारी), करडई व हरभरा ही पिके येतात.

लोकजीवन : कोकणातील घरांची छपरे उतरती, तर पठारावरील जुन्या घरांची सपाट, मातीच्या माळवदाची असत. कोरड्या हवेमुळे जमिनीखालील पेवांत ज्वारी साठविता येई. अशी साठवण हा अवर्षणाविरुद्धचा पहिला उपाय होता. मेंढपाळ धनगर पावसाळा पठारावरील माळांवर काढून दिवाळीनंतर कळपांसह कोकणाकडे उतरतात. मुसळधार पाऊस मेंढ्यांना मानवत नसल्याने हे स्थलांतर ऋतुमानाशी बांधलेले आहे.

दुष्काळांचा इतिहास : चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ व १६३०–३२ चा दुष्काळ लोकस्मृतीत दीर्घकाळ राहिले. १८७६ मध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा रेल्वेने धान्य येत असूनही ते विकत घेण्यास शेतमजूर व कारागीर यांच्याजवळ पैसा नव्हता. मदतकार्यावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व थोडी रोकड एवढ्यावर आणल्यामुळे अनेकांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मुंबई इलाख्यात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींनुसार दुष्काळ संहिता तयार झाल्या.

१९७०–७३ या काळात पुन्हा ओळीने पाऊस कमी पडला. १९७२ मध्ये पिके जवळजवळ बुडाली. या वेळी मात्र पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते व खडी फोडणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. मे १९७३ मध्ये त्यांवर सु. ५० लाख मजूर होते. हालअपेष्टा फार झाल्या, जनावरे गेली. पण १८७६ प्रमाणे मनुष्यहानी झाली नाही. या अनुभवातूनच महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

दुष्काळनिवारणासाठी काढलेल्या कालव्यांची परिणती मात्र वेगळी झाली. नीरा डावा कालव्यासारख्या कालव्यांचे पाणी हंगामी पिकांना आधार देण्याऐवजी बारमाही उसाकडे वळले आणि लगतची कोरडवाहू गावे पावसावरच अवलंबून राहिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. अवर्षण हा या प्रदेशाच्या भूरचनेचा भाग असून ते टाळता येत नाही. त्याचा दुष्काळ होणे वा न होणे हे मात्र धान्य, मजुरी व पाणी यांच्या वाटपावर अवलंबून असते, हेच या इतिहासावरून दिसून येते.