रॅलीची पहिली गाडी : बांधावी की विकत घ्यावी? (धागा)

नाशिकच्या एका मित्राने जुनी जिप्सी घेतली, ती रॅलीत उतरण्यासाठी. तयार रॅली गाडी परवडत नव्हती, म्हणून "हळूहळू घरीच बांधू" असा त्याचा बेत होता. आज ती गाडी त्याच्या घरामागच्या शेडमध्ये इंजिनाविना उभी आहे. परवा त्याने मला विचारले, "तू इतिहासाचा विद्यार्थी. आधीच्या लोकांनी काय केले, ते तरी सांग." हा धागा मुख्यतः त्याच्यासाठी, पण या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक असल्यामुळे सर्वांसमोर मांडतो.

सुरुवात मुंबईपासून करू. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीकडे निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीमार्गे मुंबईला आल्या आणि इथून ‘चुसान’ नावाच्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मोठ्या कंपन्यांचे संघ होते, तसेच पदरचे पैसे घालून, घरच्या गॅरेजात गाडी सजवून आलेले हौशी लोकही होते. मुंबईपर्यंत आघाडीवर होता रॉजर क्लार्क, वेगवान लोटस कॉर्टिनात. पुढे ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने दगा दिला. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या लुसियँ बियांकीच्या सित्रोएनला समोरून आलेल्या गाडीची धडक बसली. जिंकला अँड्र्यू कोवन हा स्कॉटिश शेतकरी, आणि तोही हिलमन हंटरमध्ये. ही अगदी साधी, चारचौघांसारखी कौटुंबिक गाडी. इराणमध्ये हीच ‘पैकान’ या नावाने घरोघरी पोहोचली. सिडनी गाठणाऱ्या गाड्या होत्या ५६.

साधी गाडी भक्कम केली तर जिंकू शकते, हा धडा हौशी मंडळींनी तिथून घेतला. तो खरा होता, पण अर्धा. हंटरच्या मागे रूट्स कंपनीची कार्यशाळा होती, पगारी मेकॅनिक होते. हौशी माणसापाशी असतात त्या रविवारच्या सुट्ट्या.

दुसरा प्रसंग १९७० चा. १९ एप्रिलला लंडनच्या वेम्बली मैदानातून विश्वचषक रॅली निघाली आणि युरोप, दक्षिण अमेरिका ओलांडून २७ मे रोजी मेक्सिको सिटीत संपली. अंतर सुमारे २५ हजार किलोमीटर. हानू मिकोला आणि गुन्नार पाल्म फोर्ड एस्कॉर्टमध्ये जिंकले. फोर्डकडे तेव्हा दोन कॅमशाफ्टचे अधिक ताकदवान इंजिन होते. तरीही या रॅलीसाठी त्यांनी जुन्या पद्धतीचे साधे पुशरॉड इंजिन निवडले. अँडीजच्या उंचीवर, वाईट पेट्रोलवर, रस्त्याकडेला दुरुस्त होईल असे काहीतरी हवे होते.

पण माझ्या मते खरी क्रांती झाली ती विजयानंतर. त्याच वर्षाअखेरीस फोर्डने ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ नावाची गाडी सामान्य ग्राहकासाठी बाजारात आणली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात यासाठी एक छोटा वेगळा कारखानाच उभारला होता. या गाडीचा सांगाडा नेहमीच्या एस्कॉर्टपेक्षा जाड व बळकट, इंजिन तेच साधे, १५९९ सीसीचे. सोमवार ते शनिवार कचेरीला जा आणि रविवारी क्लबच्या रॅलीत उतरा. शिवाय कंपनीच्या रॅली विभागात तयार झालेले सुटे भाग, म्हणजे मजबूत मागचा अ‍ॅक्सल, वेगळा गिअरबॉक्स, रुंद चाकांसाठी फुगीर पंखे, ठरावीक विक्रेत्यांकडे क्रमांक सांगून विकत मिळू लागले.

याने ‘बांधणे’ या शब्दाचा अर्थच बदलला. आता बांधणे म्हणजे अर्धी तयार गाडी विकत घेऊन उरलेली अर्धी हप्त्याहप्त्याने विकत घेणे! तेलसंकटानंतर तो कारखाना १९७५ च्या सुमारास बंद पडला. पण तोवर हजारो मेक्सिको रस्त्यावर आल्या होत्या आणि दोनतीन हंगाम खेळून त्या पुन्हा विक्रीला येत होत्या. रॅली गाड्यांचा जुना बाजार असा घडत गेला. ब्रिटनच्या आरएसी रॅलीत १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षे एस्कॉर्ट जिंकली. कंपनीने अधिकृत संघ काढून घेतल्यावरही १९८१ मध्ये आरी वातानेन जगज्जेता झाला तो एस्कॉर्टमध्येच, डेव्हिड सटन यांच्या खासगी संघाकडून. गाडी एव्हाना तेरा वर्षांची जुनी रचना होती, पण तिचे भाग आणि तिची विद्या सर्वत्र पसरलेली होती.

आता हिशेबाकडे येतो, कारण मित्राचे घोडे इथेच अडले आहे. रॅली गाडी बांधायची म्हणजे प्रथम ती पूर्ण उघडी करायची. सांगाड्याचे सांधे पुन्हा वेल्ड करायचे, आत रोल केज बसवायचा, खाली इंजिन आणि गिअरबॉक्स वाचवणारी जाड पत्र्याची ढाल लावायची; मग सस्पेन्शन, ब्रेक, डिफरन्शियल, आसने, पट्टे, अग्निशामक, वायरिंग. मूळ गाडीची किंमत या यादीपुढे किरकोळ असते. माणसाला वाटते, गाडी स्वस्तात मिळाली म्हणजे निम्मे काम झाले. वस्तुतः कामाला तेव्हा हातही लागलेला नसतो.

आणि तासांचा हिशेब कोणीच मांडत नाही. ज्याने गाडी बांधली त्याला ती विकताना आपल्या श्रमाचे मोल मिळत नाही. रॅली गाडीला गिऱ्हाईक थोडे, ती घरच्या वापराला निरुपयोगी, म्हणून विकणारा पडत्या भावाने देतो. दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या रात्री घेणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळतात. "पहिली गाडी विकतच घ्या" हा जुन्या खेळाडूंचा सल्ला याच हिशेबावर उभा आहे.

विकत घेण्यातही फसगत आहेच. रंगाखाली सरळ केलेला सांगाडा दडलेला असतो. रोल केज आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आहे की गल्लीतल्या वेल्डरने अंदाजाने वाकवलेला नळ आहे, हे तपासणी अधिकाऱ्यासमोरच कळते. स्पर्धेच्या पट्ट्यांना आणि साध्या मान्यताप्राप्त आसनांना तर मुदतच असते, साधारण पाच वर्षांची. कोऱ्या दिसणाऱ्या आसनाच्या लेबलवर गेलेले साल असेल तर ते स्पर्धेसाठी बाद.

मग आपल्याकडे वर्षानुवर्षे सगळे गाड्या बांधतच का होते? कारण दुसरा रस्ताच नव्हता. परवानाराजच्या काळात बाजारात नव्या गाड्या मोजक्या : अ‍ॅम्बॅसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी), मद्रासची स्टँडर्ड. साधी फियाट नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशातून गाडी आणणे आयातबंदी आणि जबर शुल्कामुळे सामान्याच्या आवाक्याबाहेर. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली, तेव्हा युरोपातील संघांच्या गाड्या आणि आपल्या फियाट एकाच वळणावर येणार होत्या. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. यांतून जमेल ते काढायचे. कोणी भंगारातून भाग शोधी, कोणी मिस्त्रीकडून घासूनपुसून इंजिन हलके चालते करून घेई. त्या पिढीचे हस्तकौशल्य अस्सल होते, त्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु ते निवडलेले नव्हते. आज त्यांच्या आठवणी ऐकून आपण "खरा रॅलीवाला स्वतः गाडी बांधतो" असे म्हणतो, तेव्हा एका टंचाईला आपण परंपरा समजत असतो.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि भारतालाही आपली ‘मेक्सिको’ मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. चौकटीच्या चासीवरची, हलकी, चारही चाकांना ताकद देणारी आणि देशभर सुटे भाग मिळणारी. हरी सिंग यांच्यासारख्या चालकांनी तिला रॅलीत नाव मिळवून दिले. तिच्याभोवतीही मग तेच घडले : ठरलेले बदल, ते जाणणारे मिस्त्री आणि खेळून झालेल्या गाड्यांची विक्री.

मित्राला मी एवढेच सांगितले की, त्याची अर्धवट जिप्सी विकून एखादी खेळलेली जिप्सी घ्यावी, आणि घेण्यापूर्वी कोणा जाणत्या मिस्त्रीला घेऊन खाली वाकून सांगाडा पाहावा. तो अजून तयार नाही. हातचे सोडवत नाही, हे मी समजू शकतो. मात्र त्याने पहिल्याच महिन्यात हौसेने घेतलेले सीटचे पट्टे शेडमधल्या खुंटीला लटकत आहेत, आणि त्यांच्या लेबलवरचे साल पुढच्या ३१ डिसेंबरला संपते.