मदुरेचें सोंवळें आणि रोमचा निर्णय

अंगावरचा मळ पाण्यानें जातो. परंतु अंतःकरणावरचा मळ कशानें जावयाचा, हा प्रश्न प्रत्येक धर्मापुढें उभा राहिलेला आहे. कॅथॉलिक पंथानें त्याचें उत्तर पाण्याच्याच आधारानें दिलें. मूल जन्मल्यावर त्याच्या मस्तकावर पाणी ओतून त्यास बाप्तिस्मा देतात. चर्चच्या दाराशीं पवित्र पाण्याचें पात्र असतें. आंत जातांना भाविक त्यांत बोटें बुडवून क्रुसाची खूण करतो. मिस्साच्या वेळीं धर्मगुरु आपले हात धुतो आणि पवित्र गुरुवारीं तो इतरांचे पाय धुतो. ह्या सर्व प्रसंगीं पाणी थोडें, पण अर्थ मोठा असतो. मळ काढणें हा ह्या विधींचा हेतु नव्हे. पापाचें क्षालन सुचविणें, हा त्यांचा हेतु होय.

आपल्या देशांतील सोंवळ्याओंवळ्याची कल्पना ह्याहून निराळी. तींत स्नान, अन्न, स्पर्श आणि जात हीं सारीं एकाच सूत्रांत गुंफलेलीं असतात. ह्या दोन कल्पनांची गांठ सतराव्या शतकांत तामिळ देशांतील मदुरा शहरीं पडली आणि तींतून उद्भवलेला वाद सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चालला.

रॉबर्तो दि नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्यें मदुरेस आला. तेथें त्याच्या पूर्वींपासून पोर्तुगीज मिशनचें काम चालूं होतें. परंतु वरिष्ठ वर्णांतील लोक त्याच्या वाऱ्यासहि उभे राहत नसत. फिरंगी मांस खातो, मद्य पितो, स्नानाचा नेम पाळीत नाहीं, कोणाच्याहि घरीं जेवतो. अशाचा धर्म घ्यावयाचा म्हणजे बाटणें, अशी लोकांची समजूत होती. नोबिलीनें हें मर्म ओळखलें. त्यानें काषाय वस्त्रें परिधान केलीं, पायांत खडावा घातल्या, मांस वर्ज्य केलें, ब्राह्मण आचारी ठेवला आणि स्नानाचा नेम धरला. जानवें, शेंडी, चंदनाचें गंध आणि स्नान हीं सोडण्याची सक्ति त्यानें आपल्या शिष्यांवर केली नाहीं. हे आचार कुळाचे व शिष्टाचाराचे आहेत, देवपूजेचे नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच्याच पंथांतील पुष्कळांना तो पटला नाहीं. १६१९ मध्यें गोव्यांत भरलेल्या सभेंत त्याच्यावर कडक टीका झाली. शेवटीं प्रकरण रोमला गेलें आणि १६२३ मध्यें पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं ह्या आचारांस मुभा दिली; मात्र त्यांत मूर्तिपूजेचा अंश नसावा आणि स्नान शरीरशुद्धीपुरतेंच असावें, अशी अट घातली. त्याच निर्णयपत्रांत कुलीन ख्रिस्त्यांनीं हीन मानलेल्या धर्मबंधूंचा तिरस्कार करूं नये, असाहि उपदेश होता. स्नानाची मुभा लोकांनीं आनंदानें घेतली. उपदेश मात्र बहुतांशीं कागदावरच राहिला.

पुढें वाद अधिकच नाजूक झाला. त्या काळच्या रोमन विधीप्रमाणें बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरु आपल्या बोटास लाळ लावून मुलाच्या कानांस व नाकास स्पर्श करीत असे. येशूनें एका बहिऱ्या मनुष्यास लाळेच्या स्पर्शानें बरें केलें, त्या कथेचें हें स्मरण होतें. परंतु ज्या समाजांत दुसऱ्याचें उष्टें शिवणेंहि ओंवळें, तेथें परक्याची थुंकी तान्ह्या मुलाच्या तोंडाजवळ कोणती माता येऊं देईल? म्हणून मदुरेचे मिशनरी हा भाग गाळीत असत.

१७०३ च्या नोव्हेंबरांत पोपचा प्रतिनिधि शार्ल द तुर्नों पाँडिचेरीस उतरला. सुमारें आठ महिने तो तेथें राहिला. मदुरा त्यानें पाहिली नाहीं. १७०४ मध्यें त्यानें कडक हुकूम काढला. बाप्तिस्म्यांतील लाळ गाळूं नये. विशिष्ट वेळीं विशिष्ट विधीनें करावयाचीं स्नानें बंद करावीं. रजस्वला स्त्रीस चर्चपासून व पापनिवेदनापासून दूर ठेवूं नये. आणि अस्पृश्य मानलेला परयर आजारी असेल, तर धर्मगुरूनें त्याच्या झोंपडींत जाऊन त्यास संस्कार द्यावे. एकाच हुकुमांत निष्कारण हट्ट आणि निर्मळ न्याय हे दोन्ही शेजारीं शेजारीं बसले होते!

पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यांत तर सक्तीचें स्वरूप अधिक उग्र होतें. तेथील इन्क्विझिशनच्या १७३६ च्या जाहीरनाम्यानें धर्मांतरितांच्या घरांतील तुळस, मिठावांचून शिजविलेला भात आणि लग्नांत वधूवरांस लावावयाचें उटणें ह्यांवरहि बंदी घातली. तरीहि लग्नापूर्वीं नारळाचा रस अंगास लावण्याची 'रोस' ही चाल गोव्यांतील ख्रिस्ती घरांत आजतागायत टिकून आहे. न्यायासनापेक्षां न्हाणीघर बळकट ठरलें, असेंच म्हणावें लागतें.

ह्या साऱ्या वादाची एक गंमत अशी कीं, त्याच्या दोन्ही बाजू बायबलांतील एकाच अध्यायांत सांपडतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीं, हात न धुतां जेवणाऱ्या शिष्यांना शास्त्री लोक नांवें ठेवतात. तेव्हां, बाहेरून आंत जाणारें कांहींहि मनुष्यास भ्रष्ट करीत नाहीं, अंतःकरणांतून निघणारे दुष्ट विचारच त्यास भ्रष्ट करतात, असा निवाडा येशू देतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं लाळेची ती कथा येते. तुर्नोंनें शेवट धरला; आरंभाचा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांना अवघड गेला.

१७४४ मध्यें पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनीं तुर्नोंचा हुकूम सामान्यतः कायम केला. लाळेबाबत कांहीं काळ सवलत दिली आणि परयर लोकांसाठीं वेगळे मिशनरी नेमण्यास संमति दिली. परयरांच्या दाराशीं धर्मगुरु गेला खरा. पण इतरांकडे जाणारा धर्मगुरु निराळाच राहिला. ही फूट पुढें दगडामातींतहि उतरली. तिरुनेलवेली भागांतील वडक्कनकुळम् येथील चर्चमध्यें जातीजातींस वेगळें बसविणारी भिंत होती. ती १९१० मध्यें पाडण्यांत आली.

लाळेच्या प्रश्नाचा शेवट मात्र अगदीं सौम्यपणें झाला. ह्या नियमांसंबंधीं मिशनऱ्यांना घ्यावी लागणारी शपथ रोमनें १९४० मध्यें रद्द केली. १९४४ मध्यें, स्वच्छतेसाठीं किंवा रोगाच्या भयास्तव लाळ गाळण्यास सर्वत्र परवानगी मिळाली आणि १९६९ च्या नव्या बाप्तिस्माविधींत तर ती उरलीच नाहीं. मदुरेच्या मातांना जें प्रथमपासून कळत होतें, तें मान्य होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला.

थुंकी पुसून टाकणें असें सोपें होतें. ज्या सोंवळ्यानें थुंकीस नाकारलें, त्यानेंच माणसासहि नाकारलें होतें. आणि तें ओंवळें धुण्यास पाणी पुरत नाहीं. पाण्याचें पात्र चर्चच्या दाराशीं पूर्वींहि होतें आणि आजहि आहे. त्यांत कोणाचीं बोटें बुडालीं, हें पाणी पाहत नाहीं. तेवढी निर्मळ दृष्टि माणसास येणें, हीच खरी शुद्धि होय.