तात्पुरती बंद ठेवलेली चाचणी

इतिहासाच्या पेपरात दोन प्रश्न हमखास असायचे. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' आणि 'कारणे लिहा'. पहिला मुलांना आवडायचा, दुसरा मला. आज ज्या घटनेबद्दल लिहितेय तिचं एका वाक्यातलं उत्तर इंटरनेटवर शेकडो ठिकाणी सापडेल. कारणं मात्र सावकाश वाचावी लागतात.

त्याआधी थोडं नमन. आमच्या घरातली पुढची पिढी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या तोंडी 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' इतक्या वेळा येतं की शेवटी मी ते भाचीकडून समजून घेतलं. पुष्कळ जण मिळून एक प्रोग्रॅम लिहितात. कुणी काही बदललं की लगेच सगळे तुकडे जोडून यंत्र आपोआप चाचण्या घेतं. पास तर हिरवा दिवा, नापास तर लाल. केंट बेक यांचं १९९९ सालचं पुस्तक आणि मार्टिन फाउलर यांचा २००० सालचा लेख, यांनंतर ही पद्धत चांगलीच रुळली.

आता अडचण अशी की काही तुकडे बाहेरच्यांनी लिहिलेले असतात. आपल्या नव्या बदलाशी त्यांचं जुळत नाही, दिवा रोज लाल, आणि सगळ्यांचं काम खोळंबतं. मग तेवढी एक चाचणी 'तात्पुरती' बंद करतात. यात गैर काही नाही, असं भाचीचं म्हणणं, आणि ते मला पटलंही. पण 'तात्पुरती' म्हणजे कधीपर्यंत? या प्रश्नावरून मला एरियान रॉकेट आठवलं.

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरू हे ठिकाण. युरोपचं नवंकोरं 'एरियान ५' पहिल्यांदाच उडणार होतं. पोटात 'क्लस्टर' मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३७०० मीटर उंचीवर, रॉकेट वाकडं वळलं, तुटलं आणि फुटलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चौकशी समितीचे अध्यक्ष होते फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स. १९ जुलैला, म्हणजे दीड महिन्यात, अहवाल तयार!

एका वाक्यातलं उत्तर असं: मोठा आकडा छोट्या रकान्यात मावला नाही. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवायची होती. १६ बिटांत ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. यंत्राने मान टाकली. राखीव यंत्र? तेही हुबेहूब तसंच, त्यामुळे ते क्षणभर आधीच बंद पडलेलं. मुख्य संगणकाने त्या यंत्राचा बिघाडाचा निरोप म्हणजे उड्डाणाचीच माहिती असं समजून रॉकेटला भलतीकडे वळवलं.

आता कारणं. हे यंत्र 'एरियान ४' वरून घेतलेलं, तिथे उत्तम चाललेलं. ज्या गणितात गडबड झाली ते 'एरियान ५' ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं! जुन्या रॉकेटची उलटी मोजणी ऐनवेळी थांबली तर यंत्र पुन्हा पहिल्यापासून जुळवायला पाऊण तास लागे. तो वाचावा म्हणून ते गणित पुढे काही सेकंद चालू ठेवलेलं. या सोयीचा उपयोग एकदाच, १९८९ साली झाला होता. त्या भागात सात संख्यांना असा धोका होता. चार सुरक्षित केल्या, तीन तशाच ठेवल्या, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. जुन्या रॉकेटच्या चालीने पाहिलं तर त्या तीन संख्या एवढ्या वाढणं शक्य नव्हतं. नव्याचा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता.

आणि चाचणी? जमिनीवर सगळ्या यंत्रणेची एकत्र रंगीत तालीम झाली, पण हे यंत्र त्यात नव्हतं. त्याच्या जागी त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवला होता. खरं यंत्र जोडणं बऱ्याच अंशी शक्य होतं. पण ते वेगळं तपासून आधीच पास झालेलं. शिवाय तालमीचा ठोका ६ मिलिसेकंदांचा आणि यंत्राचा १ मिलिसेकंदाचा, म्हणजे जुळणी किचकट. इथे लाल दिवा विझवला नव्हता, तो लागायची वेळच येऊ दिली नव्हती, एवढाच काय तो फरक.

अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही कारणं तत्त्वतः बरोबर होती, असं समितीने मान्य केलं आहे. कुणी आळशी नव्हतं की बेपर्वा नव्हतं. पण प्रत्येक भाग वेगळा पास झाला म्हणून सगळे मिळून पास होतीलच असं नाही, आणि एकत्र चाचणी त्यासाठीच असते. अपघातानंतर खरा प्रोग्रॅम आणि त्या दिवसाच्या उड्डाणाची माहिती घेऊन तालीम केली, तेव्हा सगळा प्रसंग जसाच्या तसा घडला. म्हणजे चूक जमिनीवर दिसू शकली असती.

पुढे 'एरियान ५' नावारूपाला आलं. मार्च २००० मध्ये आपला इन्सॅट-३बी त्यानेच नेला आणि २०२१ च्या नाताळला जेम्स वेब दुर्बीणही. ५ जुलै २०२३ ला ११७ वं, शेवटचं उड्डाण झालं. क्लस्टरचे उपग्रहही २००० साली रशियाच्या सोयुझ रॉकेटांवरून वर गेले.

भाचीला मी एवढंच सुचवलं, की चाचणी बंद करायची तर खुशाल करा, पण शेजारी तीन गोष्टी लिहा: कुणी बंद केली, का केली, आणि कोणत्या तारखेला पुन्हा बघणार. कारण नेहमी शहाणपणाचंच असतं, पण परिस्थिती बदलते आणि ते कारण कुणी पुन्हा वाचत नाही. वाचकांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी सांगावं, तुमच्याकडे अशा बंद चाचण्या किती आहेत आणि त्यांतली सगळ्यात जुनी कधीची?