अडीचकी आणि आडवाटा

पंतोजींच्या शाळेविषयी पुढे जे लिहिले गेले त्यात छडी, धूळपाटी आणि घोकंपट्टी यांचाच बोलबाला अधिक. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ, जी शाळेत व तिन्हीसांजेला घरी परवचा म्हणून वदवून घेतली जाई, ती बुद्धीला जखडणारी शृंखलाच होती, असा नवशिक्षितांचा ग्रह झाला. तो सर्वस्वी निराधार नव्हे. रोजकीर्द लिहिणारे कारकून घडवू पाहणारे पंतोजी रीत विचारीत नसत, उत्तर मागत. परंतु ज्या गुरूला केवळ उत्तराशी कर्तव्य, त्याच्या शिष्याला वाट निवडण्याची मोकळीक अनायासे मिळते.

नऊ रुपये मण दराने साडेसात शेर गुळाची किंमत काढावयाची आहे, असे समजा. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. त्रैराशिक मांडणारा नवाला साडेसातांनी गुणून चाळिसांनी भागू लागतो; दुसरा पाव मणाचे सव्वादोन रुपये धरून त्यांची पाऊणकी करतो; आणि ‘जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर’ हा मेळ ज्याला ठाऊक आहे, तो नऊ त्रिक सत्तावीस म्हणून एक रुपया अकरा आणे सांगून मोकळा होतो. हा मेळ दुकानाच्या ओट्यावर कानी पडण्याजोगा खराच; पण अडीचकी म्हणताना सोळाव्या घरी चाळीस येतात, हे ज्या चौकस मुलाच्या ध्यानात येई त्याला तो आपणहून गवसणेही अशक्य नव्हते. वजन सहा शेर नऊ छटाक निघाले, की मात्र त्यालाही मुकाट्याने त्रैराशिकाकडे वळणे भाग होते, आणि ही आडवाट कोठवर नेते याची पारख त्याला कोणी घोकून दिलेली नव्हती.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचिलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती आहेत: बाराचे आठ आणि चार असे खंड पाडावेत, अथवा तिहींनी गुणून मग चोहोंनी गुणावे. पंतोजींनी हा ग्रंथ वाचला असो वा नसो, त्यांच्या पोरांनी त्याचीच वृत्ती अंगी बाणविली.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर-मणही सरकारदरबारातून गेले, आणि अडीच शेरांचा तो मेळ निरुपयोगी ठरला. हिशेब सुलभ झाला, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र दहांच्या पटीत सारेच बसू लागल्यावर वाटा शोधण्याची निकड उरली नाही आणि औटकी-अडीचकीही मागे पडल्या. पावकी तेवढी भाजीच्या तराजूपाशी पाव किलोच्या रूपाने टिकून आहे.