सुवाच्या तळ्याकाठचं घड्याळ

दोन वर्षांपूर्वी गणपतीत माझा भाचा पुण्याहून आला होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि त्यानं मला हळूच गच्चीवर नेलं. चाळिशी पूर्ण होत होती, चार-पाच लाख बाजूला पडले होते, आणि आयुष्यात एकदाच घ्यायचं असं एक घड्याळ घ्यायचं त्याच्या मनात होतं. ऑफिसातले मित्र म्हणत होते, एवढे पैसे घालायचे तर स्विसच घे. याला मात्र एका जपानी घड्याळानं वेड लावलं होतं. ग्रँड सेइको. "मामा, तुम्ही सांगा. एवढे पैसे मोजून जपानी घ्यावं का?"

मी १९७३ पासून सांगलीत वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर बसतो. एवढ्या वर्षांत कुणी भावाचं किंवा दुरुस्तीचं विचारलं तर मी हातातलं काम न थांबवता उत्तर दिलंय. या प्रश्नाला मात्र तसं उत्तर देता येईना.

वडिलांच्या काळात चांगलं घड्याळ म्हणजे स्विस, यात वाद नव्हता. वेस्ट एंडचं सोवार प्राइमा, फावर-ल्यूबा, रोमर, टिसो. सावकार, वकील, साखर कारखान्याचे डायरेक्टर यांच्या मनगटावरून ती आमच्या टेबलावर यायची. वडील झाकण उघडायचे, आयग्लास डोळ्याला लावायचे आणि मशीन बघून मान हलवायचे. पुढे एचएमटी आलं आणि शिक्षक, कंडक्टर, तलाठी, नवरदेव सगळ्यांच्या हातात घड्याळ दिसू लागलं. ते आपण देशी म्हणून अभिमानानं बांधलं आणि तो अभिमान योग्यच होता. पण बंगळूरचा तो कारखाना १९६१ साली उभा राहिला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. एचएमटी जनताच्या मशीनवर मी हात बसवला, म्हणजे माझं अर्धं शिक्षण जपानी आराखड्यावर झालं. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

मी शिकत होतो त्याच सुमाराला दुबईहून चोरवाटेनं आलेली सेइको फाइव्ह दिसायला लागली. आपल्याकडे सगळे त्याला 'सिको' म्हणत. पहिलं उघडलं ते एका ट्रकमालकाचं. आत डिझेलचा वास होता, धूळ होती, तेल वाळून गोंद झालं होतं आणि तरी ते चालत होतं. रोटर काढला. मनगट हललं की स्प्रिंगला चावी बसावी म्हणून स्विस मशीनमध्ये मी उलट-सुलट फिरणारी चाकं पाहिली होती. इथं दोन बोटांचा एकच साधा लिव्हर होता. एक बोट चाकाला ढकलतं, दुसरं ओढतं. रोटर कुठल्याही बाजूला फिरो, चावी बसतेच. १९५९ साली केलेली ही युक्ती सेइकोवाले 'मॅजिक लिव्हर' म्हणून सांगतात. मी वडिलांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे करणारा माणूस दुरुस्ती करणारा असणार."

वडिलांचं ते वाक्य किती खरं होतं, हे मला पुढे सेइकोचे संस्थापक हात्तोरी किंतारो यांची हकिकत वाचताना समजलं. तोक्योत जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या माणसाचा हा मुलगा, जन्म १८६०. लहानपणीच परदेशी मालाच्या दुकानात कामाला लागला. जवळच एक घड्याळाचं दुकान होतं. पाऊस लागला की बाकीची दुकानं ओस पडायची, पण घड्याळवाला आत बसून दुरुस्ती करायचा आणि पावसातही कमवायचा. हे पोरानं पाहिलं आणि घड्याळाचाच धंदा करायचा ठरवलं. कृष्णेकाठचा पाऊस पाहिलेल्या कुठल्याही घड्याळजीला ही गोष्ट पटेल. १८८१ साली, एकविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. १८९२ मध्ये कारखाना काढला, सेइकोशा. सेइको म्हणजे नेमकी, नाजूक कारागिरी.

त्या वेळी जपानला आपल्यासारखे तास नवेच होते. १८७३ च्या सुरुवातीला त्यांच्या सरकारनं पंचांग आणि तास दोन्ही बदलले. त्याआधी तिथं दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड. आपली घटका बारा महिने २४ मिनिटांची, त्यांचा तास मात्र ऋतूप्रमाणे ताणायचा आणि आकसायचा. आणि ही माणसं असा तास दाखवणारी घड्याळं बनवत! काहींत दोन तोलदांड्या असत, एक दिवसासाठी, एक रात्रीसाठी, आणि दिवस-रात्र बदलताना घड्याळ आपोआप एकीवरून दुसरीवर जाई. माझ्या मते त्यांच्या हातातली चिकाटी त्या घड्याळांपासूनची आहे. स्विस लोकांकडून त्यांनी पुष्कळ घेतलं, पण त्यांची पाटी कोरी नव्हती.

१८९५ मध्ये सेइकोशाचं पहिलं खिशातलं घड्याळ आलं, १९१३ मध्ये जपानात बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ, लॉरेल. मग १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप. तोक्यो जळालं, त्यात हात्तोरींचा कारखानाही गेला, आणि दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची सुमारे १,५०० घड्याळंही. हात्तोरींनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: ज्यांची घड्याळं आमच्याकडे जळाली त्यांना आम्ही त्याच तोडीची नवी देऊ. आणि दिली. कारखान्याची राख झालेली असताना.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. वरच्या खणातली घड्याळं मी आधीच डब्यांत भरून घरी नेली होती. खालच्या खणातली एकोणीस राहिली. पाणी इतकं चढेल असं वाटलं नाही, ही माझी चूक. आठवड्यानं शटर उघडलं तर पाकिटांवरची नावं चिखलात विरघळली होती. सात घड्याळं मी उघडून, पेट्रोलमध्ये धुऊन, पुन्हा चालू केली. उरलेल्या बारांचे पैसे चुकते करायला पावणेदोन वर्षं लागली. एक गिऱ्हाईक, निवृत्त बाई, पैसे घेईनात. त्यांच्या यजमानांचं घड्याळ होतं ते. मी काय भरून देणार होतो? त्या दिवसांत मला सारखे हात्तोरी आठवायचे. लोक कंपनीची थोरवी सांगताना अचूकतेचे आकडे देतात. मला ती १,५०० घड्याळं पुरेशी आहेत. भूकंपाच्या पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांच्या घड्याळाच्या तबकडीवर पहिल्यांदा 'सेइको' हे नाव छापलं गेलं.

आता सुवा. तोक्योच्या पश्चिमेला, नागानो प्रांतातल्या डोंगरांत एक तळं आहे. कडाक्याच्या थंडीत ते गोठतं. आसपास पूर्वी रेशमाच्या गिरण्या होत्या, बारीक कामाला सरावलेले हात होते. १९४२ साली तिथं मिसोच्या जुन्या कोठारात घड्याळाचे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप सुरू झालं, आणि युद्धात सेइकोचं तोक्योतलं कामही हलून तिकडे आलं. युद्ध संपल्यावर सुवाच्या लोकांनी ठरवलं की आता स्वित्झर्लंडच्या पंक्तीला बसायचं. स्वच्छ हवा, डोंगर, तळं. त्या भागाला 'पूर्वेचं स्वित्झर्लंड' म्हणू लागले. १९५६ मध्ये त्यांनी मार्व्हल काढलं, आणि १९६० मध्ये पहिलं ग्रँड सेइको. किंमत २५,००० येन, म्हणजे तेव्हाच्या नव्या पदवीधराचा जवळपास दोन महिन्यांचा पगार.

नुसतं आपण म्हणून काय होतं? म्हणून ते परीक्षेला गेले, आणि गेले ते थेट स्वित्झर्लंडच्या अंगणात. न्यूशातेलच्या वेधशाळेत दरवर्षी घड्याळांची स्पर्धा होत असे. मनगटी घड्याळ ४५ दिवस वेगवेगळ्या बाजूंवर, थंडीत आणि उष्णतेत ठेवायचं आणि रोजचा फरक लिहायचा. १९६४ मध्ये सेइकोचं सर्वांत चांगलं घड्याळ १४४वं आलं. १४४वा नंबर घेऊन घरी गेलेल्या त्या कारागिरांचा मी पुष्कळदा विचार करतो. हेअरस्प्रिंगचं टोक कुठं वळवायचं, बॅलन्स व्हीलचं वजन कुठं केसभर घासायचं, हे काम पुस्तकातून येत नाही. तीनच वर्षांत, १९६७ मध्ये, त्यांची घड्याळं पहिल्या दहांत होती. १९६८ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत यांत्रिक मनगटी घड्याळांमध्ये सेइको सर्वांच्या पुढे होतं. हे मी भाच्याला दोनदा सांगितलं, कारण जपानी घड्याळ म्हणजे स्वस्त नक्कल, हा समज त्या निकालानंतर उरायलाच नको होता.

उरला, त्याला कारणही सेइकोच. २५ डिसेंबर १९६९ रोजी त्यांनी जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं, अ‍ॅस्ट्रॉन. सोन्याचं, ४,५०,००० येनांचं. पण दहा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की जपानी घड्याळ म्हणजे सेल टाकायचं घड्याळ, असंच जगानं धरलं. स्वित्झर्लंडमध्ये या धंद्यात १९७० च्या आसपास सुमारे ९०,००० माणसं होती, १९८० च्या दशकात ती ३०,००० च्या घरात आली. आमच्या पेठेतही हेच झालं. माझ्या ओळखीच्या चार घड्याळजींनी टेबलं विकली, एकानं झेरॉक्स मशीन घेतलं. आणि सुवातही. यांत्रिक ग्रँड सेइको सत्तरच्या दशकात बंद पडलं, ते परत यायला १९९८ उजाडलं. जिंकलेल्यांचेही हात रिकामे झाले, हे फारसं कुणी सांगत नाही.

स्विस लोकांनी मात्र पडत्या काळातून एक शहाणपण कमावलं. अचूकता कुणालाही दहा रुपयांत मिळते आहे, तर आपण घराणं, वारसा, हातकाम विकू, असं त्यांनी ठरवलं आणि ते निभावलं. अगदी वरच्या पंक्तीतल्या स्विस घड्याळांचं मशीन, चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांच्या कडांवर हातानं काढलेला उतार, आतल्या कोपऱ्यांची चकाकी, मी मुंबईत एकदा आयग्लासखाली पाहिली आहे. त्याला तोड नाही. पण ती पंक्ती भाच्याच्या पैशांच्या कितीतरी पलीकडे सुरू होते. चार-पाच लाखांच्या आत पुष्कळ वेळा झाकणाखाली बाहेरून घेतलेलं मशीनच असतं, तेच थोडं सजवून अनेक नावांखाली विकलेलं. मशीन वाईट नसतं, दुरुस्तीला तर उत्तम. पण पैसे नावाला जातात. ग्रँड सेइकोत हेअरस्प्रिंगच्या धातूपासून क्वार्ट्झच्या खड्यापर्यंत सगळं घरचं.

आणि स्प्रिंग ड्राइव्ह. सुवाच्या आकाहाने योशिकाझु या इंजिनिअरला १९७७ मध्ये वाटलं की चावीच्या स्प्रिंगवर चालणारं, पण क्वार्ट्झसारखं नेमकं घड्याळ करावं. सेल नाही, मोटर नाही. स्प्रिंग उलगडत चाकं फिरवते, शेवटचं चाक सेकंदाला आठ वेळा फिरून थेंबभर वीज करतं, त्या विजेवर क्वार्ट्झ जागा राहतो आणि चुंबकाचा हलका ब्रेक लावत चाकाला आवरतो. सायकल उतारावर सोडली की आपण ब्रेकवर बोट ठेवून वेग धरतो, तसं. टिकटिक नाहीच, काटा सरकत राहतो. घड्याळ बाजारात आलं १९९९ मध्ये. आकाहाने आदल्या वर्षीच गेले. एकवीस वर्षं एका कल्पनेमागे राहिलेल्या माणसाला ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर बघायला मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

भाच्याला मी शेवटी सांगितलं ते असं. उद्या विकायचं असेल, चारचौघांनी नाव ओळखावं असं वाटत असेल, तर नावाजलेलं स्विस घे. त्याची किंमत बाजारात जास्त टिकते. स्वतः बघायला घ्यायचं असेल तर जपानी घे, आणि मनात शंका न ठेवता घे. मात्र दुकानात आधी विचार, सर्व्हिसिंगला कुठं जातं आणि किती महिने लागतात. कारण स्प्रिंग ड्राइव्ह मी उघडू शकत नाही. त्याचे भाग मला मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यातली अर्धी विद्या माझी नाही. सांगलीतून हे घड्याळ दुरुस्त होणार नाही, हे बोलताना जड गेलं.

त्यानं दिवाळीत स्प्रिंग ड्राइव्ह घेतलं. तबकडी पांढरी, बर्फ पडून वाऱ्यानं दबल्यासारखी. पात्यासारखे काटे, त्यांच्या कडांवर एकसुद्धा लाट नाही. पाडव्याला ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मामा, दहा दिवस तुमच्याकडे राहू दे." मी रोज सकाळी सहाच्या आकाशवाणीच्या वेळेच्या 'पिप'ला ते समोर धरत असे, वडील सोवार प्राइमा धरायचे तसं, आणि फरक त्यांच्याच जुन्या वहीत लिहीत असे. शेजारच्या पानावर वडिलांच्या हातची १९६२ मधली नोंद आहे, एका वकिलाच्या घड्याळाची: दहा दिवस, दीड मिनिट मागे. खाली माझी नोंद: दहा दिवस, चार सेकंद पुढे.