गिरणगांवचा जमाखर्च

इतिहास म्हटला म्हणजे आपणांस बखरी, तहनामे आणि सनदा आठवतात; वाण्याची खातेवही आठवत नाहीं. मुंबईच्या गिरणी-कामगाराचा इतिहास मात्र पुष्कळसा त्याच वहींत पडून आहे. सुदैवानें त्याची थोडीशी नक्कल एका सरकारी अहवालांत उतरली आहे, आणि तिच्याकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

1914 सालचें महायुद्ध परळ-लालबागच्या चाळींत पोचलें तें भाववाढीच्या रूपानें. कापडाची मागणी वाढून मालकवर्गाची चंगळ झाली. पण धान्य, कापड, रॉकेल सारेंच महागलें. त्यांतच 1918 सालीं पावसानें दगा दिला आणि इन्फ्ल्युएंझाच्या साथीनें कित्येक घरांतील मिळवता माणूस उचलून नेला. 1919 च्या जानेवारींत लाखावर कामगार गिरण्यांबाहेर पडले. पुढच्या जानेवारींत पुन्हां तेंच झालें. 1917 सालीं दहा टक्क्यांनीं सुरू झालेला महागाईचा भत्ता 1920 च्या अखेरीस रोजंदारीवाल्यांस 70 व उक्त्या कामावरील लोकांस 80 टक्के झाला. परंतु तोंवर राहणीचा खर्च 1914 च्या मानानें जवळजवळ दुप्पट झाला होता.

या गडबडींतूनच 1921 सालीं मुंबई सरकारचें मजूर खातें निघालें. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनीं 1921-22 मध्यें 2,473 कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करविले व 1923 सालीं ते प्रसिद्ध केले. कुटुंबाची सरासरी मिळकत निघाली दरमहा सुमारें 52 रुपये. खर्चांतले जवळजवळ 57 टक्के नुसत्या पोटाला लागत. घरभाडें आठ टक्क्यांहूनही कमी. आणि हा आंकडा पाहून कोणी मुंबईंत बिऱ्हाड स्वस्त होतें असें म्हणेल, तर त्यानें पुढचें पान उलटावें. शेंकडा 97 कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. भाडें कमी, कारण जागाच नव्हती!

पण त्या अहवालांतील सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच आहे. कामगाराचें धान्य दुष्काळी नियमांत ठरविलेल्या प्रमाणाइतकें भरे, परंतु मुंबई इलाख्याच्या तुरुंगांतील कैद्याच्या शिध्याहून तें कमी पडे. ही तुलना कोण्या चळवळ्यानें केलेली नव्हे. सरकारी अधिकाऱ्यानेंच ती मांडली, आणि म्हणूनच ती मालकपक्षाला फार झोंबली.

शेंकडा 47 कुटुंबें कर्जांत होतीं. आपल्या वर्गांत यावर ठरलेलें उत्तर असे: हे लोक लग्नांत उधळतात. लग्नांत खर्च होई हें खरें. पण वहीची रीतही पाहिली पाहिजे. एका महिन्याचा पगार दुसऱ्या महिन्याच्या मध्यास हातीं पडे. म्हणजे कामगार मालकाला कित्येक आठवडे बिनव्याजी उधार देई, आणि तेवढ्या अवधींत स्वतः वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणी. रोकड हवी झाली तर मारवाडी नाहीं तर पठाण. रुपयामागें दरमहा एक आणा हा व्याजाचा दर ऐकावयास लहान वाटतो. वर्षाचा हिशेब केला म्हणजे तो 75 टक्के होतो. अशा स्थितींत रत्नागिरीकडील एकटा गडी खानावळवालीचे पैसे भागवून गांवीं मनीऑर्डर कशी करी, याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

एकदां आंकडे हातीं आल्यावर भांडणाची भाषाच बदलली. दरमहा प्रसिद्ध होणारा राहणी-खर्चाचा निर्देशांक उभय पक्ष पुढें करूं लागले. भाव उतरले कीं मालक, चढले कीं कामगार. 1940 च्या मार्चमध्यें मुंबईच्या गिरण्या पुन्हां बंद पडल्या, त्या महागाई-भत्त्यासाठींच. दुसऱ्या महायुद्धाचे भाव एव्हांना पांढरपेशांच्याही स्वयंपाकघरांत शिरूं लागले होते. 1943 च्या मे महिन्यांत शहरांत रेशनिंग सुरू झालें, आणि गिरगांवांतला कारकूनही हातांत पिशवी व कार्ड घेऊन धान्याच्या दुकानापुढें रांगेंत उभा राहिला.